कंडरेला घाई चालत नाही

25 ऑक्टोबर 2005 रोजी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानावर श्रीलंकेविरुद्ध एकदिवसीय सामना होता. दिवाळी आठवड्यावर आली होती. सचिन तेंडुलकर सलामीला उतरला आणि 93 धावा करून बाद झाला. भारताने 350 धावा केल्या आणि सामना 152 धावांनी जिंकला. शतक सात धावांनी हुकल्याची हळहळ त्या दिवशी घरोघरी व्यक्त झाली. वैद्यकीय दृष्टीने पाहणाऱ्याला मात्र त्या खेळीत वेगळीच गोष्ट दिसली असती. त्याच्या डाव्या कोपरावर लंडनमध्ये 25 मे रोजी शस्त्रक्रिया झाली होती. म्हणजे तो कोपर बरोबर पाच महिन्यांचा उपचार घेऊन मैदानात आला होता आणि पूर्ण खेळीभर टिकला होता.

या खेळीच्या अगोदरचे एक प्रकरण फारसे कुणाच्या स्मरणात नाही. त्याच मैदानावर, जवळजवळ एक वर्ष आधी, 26 ऑक्टोबर 2004 रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्धचा कसोटी सामना सुरू झाला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हॉलंडच्या दौऱ्यात सचिनच्या कोपराचे दुखणे उफाळले होते. चॅम्पियन्स करंडक आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने त्याला सोडावे लागले. विश्रांती आणि उपचार घेऊन तो नागपूरला परतला. दोन डावांत मिळून दहा धावा झाल्या, पहिल्या डावात आठ आणि दुसऱ्यात दोन. भारत तो सामना 342 धावांनी हरला. पुढे डिसेंबरमध्ये ढाक्यात त्याने नाबाद 248 धावा केल्या, त्यामुळे सारे काही पूर्ववत झाले असेच क्रिकेटरसिकांना वाटले. कोपर मात्र बरा झालेला नव्हता. सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रियेची वेळ आली.

खेळाडू तोच, मैदान तेच, महिनाही तोच. तरी या दोन पुनरागमनांत जो फरक आहे तो समजून घेण्यासारखा आहे, कारण हे दुखणे केवळ मोठ्या खेळाडूंचे राहिलेले नाही. हिंगोलीच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारा तरुण, शाळेच्या कबड्डी संघातली मुलगी, दसऱ्याच्या कुस्त्यांत उतरणारा मल्ल, मोंढ्यात हळदीची पोती पाठीवर घेणारा हमाल, आणि चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदम बॅडमिंटन खेळू लागलेला व्यापारी, या सर्वांच्या देहात एकाच प्रकारचा धागा ताणला जात असतो.

त्या धाग्याचे नाव कंडरा. डॉक्टर त्याला टेंडन म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणारी ही पांढरी, चिवट दोरी असते. हाडाला हाडाशी जोडणारा तो अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट; बोलण्यात दोहोंची नेहमी गल्लत होते. स्नायू आक्रसतो, तो ओढ देतो, आणि ती ओढ कंडरा हाडापर्यंत पोहोचवते. टाचेच्या मागे बोटांना जाणवणारी जाड दोरी ही शरीरातील सर्वांत बळकट कंडरा होय. धावताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार ती पेलते.

तिची घडण सुतळीसारखी असते. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे सूक्ष्म तंतू, त्या तंतूंचे पेड, त्या पेडांचे जुडगे. सारे तंतू ओढीच्या दिशेने समांतर लागलेले असतात. त्यांच्यामध्ये जिवंत पेशी फार थोड्या, रक्तपुरवठाही बेताचा. म्हणूनच स्नायू लाल दिसतो आणि कंडरा पांढरी. स्नायूला झालेली लहान इजा दोन-तीन आठवड्यांत भरून येते ती त्याच्या रक्तामुळे. कंडरेकडे ते भांडवल नसते.

किती नसते, याचा पुरावा डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये अनपेक्षित मार्गाने दिला. 1955 ते 1963 या काळात जगात अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या झाल्या की हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि पुढे हळूहळू उतरत गेले. त्या वर्षांत घडलेल्या प्रत्येक सजीव ऊतीवर त्या कार्बनची तारीख जणू छापली गेली. संशोधकांनी निरनिराळ्या वयाच्या लोकांच्या टाचेच्या कंडरेतील कार्बन मोजला, तेव्हा असे दिसले की तिचा गाभा साधारणतः वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळपास बदलतच नाही. साठ वर्षांच्या माणसाच्या टाचेत त्याच्या शाळकरी वयातलीच दोरी असते! ज्या घरांत चौदा-पंधरा वर्षांची मुले खेळतात त्या घरांनी ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

कंडरा दोन तऱ्हांनी बिघडते. एक तऱ्हा हळूहळू झिजण्याची. सचिनचे दुखणे या जातीचे होते. त्याला टेनिस एल्बो हे नाव पडले असले तरी टेनिसशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाला चिकटते, तिथे हे दुखणे उद्भवते. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या मुठीवर वरच्या जागी असतो आणि फटक्याला दिशा तोच देतो. त्यात सचिनची बॅट जड म्हणून प्रसिद्ध. हजारो फटक्यांत तंतूंचे लहान लहान तुकडे होत जातात आणि दुरुस्ती मागे पडते. पूर्वी अशा दुखण्याला सूज समजून सुजेची औषधे दिली जात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तिथे सूज फारशी आढळली नाही. आढळले ते विस्कटलेले, दिशा हरवलेले तंतू. शिवणयंत्रावर दिवसभर बसणाऱ्या किंवा पोळ्या लाटणाऱ्या स्त्रियांतही हेच दुखणे दिसते.

दुसरी तऱ्हा एका क्षणात फाटण्याची. 29 ऑक्टोबर 2016 रोजी विशाखापट्टणम येथे न्यूझीलंडविरुद्ध 70 धावांची खेळी करणारा रोहित शर्मा उजव्या मांडीच्या दुखापतीने जायबंदी झाला. मांडीच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या स्नायूची वरची कंडरा दुखावली होती. नोव्हेंबरमध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि नंतर सुमारे चार महिने तो सामन्यांपासून दूर राहिला. नागपूरला जन्मलेला आणि मुंबईत वाढलेला हा खेळाडू त्या वेळी एकोणतीस वर्षांचा होता. मार्च 2017 मध्ये तो मुंबईकडून विजय हजारे करंडक स्पर्धेत उतरला, एप्रिल-मेमध्ये आयपीएल खेळला आणि मुंबई इंडियन्सला विजेतेपद मिळवून दिले, जूनमध्ये इंग्लंडमध्ये चॅम्पियन्स करंडकात बांगलादेशविरुद्ध नाबाद 123 धावा केल्या, आणि डिसेंबरमध्ये मोहालीत श्रीलंकेविरुद्ध नाबाद 208. या क्रमातही एक शहाणपण दडलेले आहे. आधी देशांतर्गत सामने, मग वीस षटकांचे, मग पन्नास षटकांचे. भार पायरीपायरीने चढत गेला.

जखम झाल्यावर शरीर जे काम करते त्याचे वैद्यकशास्त्राने तीन टप्पे सांगितले आहेत. पहिले काही दिवस सूज आणि साफसफाईचे. त्यानंतरचे कित्येक आठवडे नवे कोलॅजन भराभर तयार होते, पण ते कच्चे आणि अस्ताव्यस्त असते, घाईने रचलेल्या गंजीसारखे. तिसरा टप्पा पुनर्रचनेचा. त्यात तंतू ओढीच्या दिशेने ओळीत लागतात, जाड होतात, एकमेकांशी घट्ट बांधले जातात. हा टप्पा महिनोन्महिने, कधी वर्षभराहूनही अधिक चालतो. सारी फसगत येथेच होते. दुखणे बहुधा दुसऱ्या टप्प्यातच ओसरते. माणूस चालू लागतो, जिने चढू लागतो, घरचे लोक निःश्वास सोडतात, आणि गावातल्या स्पर्धेची तारीख जवळ आलेली असते. आत मात्र गंजी तशीच अस्ताव्यस्त असते.

तंतूंना ओळीत कोण लावतो? याचे उत्तर सापडण्याची कथा मोठी गमतीची आहे. स्वीडनमधील उमिओ येथे हॉकन अल्फ्रेडसन नावाचे अस्थिशल्यविशारद होते. त्यांना स्वतःलाच टाचेच्या कंडरेचे जुने दुखणे होते. शस्त्रक्रिया करा, असे ते आपल्या वरिष्ठांना म्हणाले. वरिष्ठांनी साफ नकार दिला. एवढ्याशा दुखण्यासाठी डॉक्टरला दीर्घ रजा कशी द्यायची? कंडरा पूर्ण बिघडली तर तरी शस्त्रक्रिया होईल, या विचाराने अल्फ्रेडसन मुद्दाम दुखेल असा व्यायाम करू लागले. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहायचे आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. रोज, न चुकता, वजन वाढवत. कंडरा तुटायची ती राहिली बाजूला. काही आठवड्यांत दुखणेच गेले. मग त्यांनी शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या 15 हौशी धावपटूंना हाच व्यायाम दिला. पंधरा पंधराच्या तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. ते सारे पुन्हा धावू लागले. हा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला आणि कंडरेच्या उपचाराची दिशाच पालटली. पुढच्या अभ्यासांत प्रत्येकाला इतके यश आले नाही, हेही खरे. पण मूळ तत्त्व टिकले. कंडरेतील पेशींना ओढ जाणवली की त्या कोलॅजन तयार करतात आणि ओढीच्या दिशेने ते रचतात. पूर्ण विश्रांती दिली की कंडरा अधिकच दुबळी होते.

म्हणून आजचा उपचार भाराच्या मात्रेचा आहे. औषधाची मात्रा जशी मोजून देतात तसा भार मोजून द्यायचा. प्रारंभी हालचाल न करता केवळ जोर लावून धरणे, मग सावकाश, जड वजनासह व्यायाम, मग उड्या, मग धावणे, मग दिशा बदलत धावणे, आणि सर्वांत शेवटी सामना. व्यायामात थोडे दुखले तरी चालते. पाहायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी. अंथरुणातून उठताना कालच्यापेक्षा ताठरपणा वाढला असेल तर मात्रा जास्त झाली, एक पायरी मागे यायचे. यासाठी शहरी व्यायामशाळेची गरज असतेच असे नाही. दुकानाच्या पायऱ्या आणि पाठपिशवीत मोजून भरलेले तांदूळ एवढ्यावर यातला बराच भाग होतो. गरज असते ती मात्रा ठरवणाऱ्या फिजिओथेरपिस्टची, आणि रोज तेच ते करण्याच्या चिकाटीची. दुसरी गोष्ट पहिलीहून दुर्मीळ.

घाईची किंमत किती मोठी असू शकते याचे उदाहरण अमेरिकेतील बास्केटबॉलपटू केविन ड्युरंट याचे दिले जाते. पोटरीच्या दुखापतीनंतर सुमारे महिनाभराने, 10 जून 2019 रोजी, तो अंतिम मालिकेच्या सामन्यात उतरला आणि काही मिनिटांतच त्याची टाचेची कंडरा तुटली. पुढचा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही. डिसेंबर 2020 मध्ये परतला, आणि 2021 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या सुवर्णविजेत्या संघाचा आधारस्तंभ ठरला. पोटरीच्या दुखण्यामुळेच कंडरा तुटली असे खात्रीने सांगता येत नाही. मात्र दुसऱ्या खेपेला त्याने एक स्पर्धा, एक हंगाम, काहीही वाचवण्याचा प्रयत्न केला नाही. टाचेची कंडरा तुटलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 80 टक्के पुन्हा खेळू लागतात असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत आढळले आहे. उरलेल्या वीस टक्क्यांविषयी वर्तमानपत्रे सहसा लिहीत नाहीत.

दुखऱ्या जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा मार्ग लहान शहरांतही सर्रास अवलंबला जातो, कारण आराम झटपट पडतो. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे टेनिस एल्बोच्या 198 रुग्णांची पाहणी झाली. ती 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेले रुग्ण सर्वांत पुढे होते. वर्षभराने चित्र उलटले. इंजेक्शनने बरे वाटलेल्यांपैकी 72 टक्के रुग्णांचे दुखणे परतले होते, आणि ज्यांनी केवळ वाट पाहिली तेही त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीत होते. चढ्या व्याजाचे हातउसने घेऊन महिना निभावण्यासारखा हा व्यवहार आहे. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट काढून टोचण्याची पीआरपी नावाची पद्धत अलीकडे फार प्रचारात आहे. टाचेच्या जुन्या दुखण्यात तिचा खोट्या इंजेक्शनपेक्षा अधिक लाभ होत नाही, असे 2021 च्या ब्रिटिश अभ्यासात दिसले. खर्च करण्यापूर्वी हे माहीत असावे.

तुटलेल्या कंडरेला शस्त्रक्रिया हवीच का, हाही प्रश्न कुटुंबांना पडतो. नॉर्वेत 526 रुग्णांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टाचेची कंडरा शिवलेले आणि न शिवता आधार देऊन बरे केलेले रुग्ण वर्षअखेरीस सारख्याच स्थितीत होते. फरक एवढाच की न शिवलेल्यांत कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण 6.2 टक्के होते आणि शिवलेल्यांत 0.6 टक्के. म्हणून व्यावसायिक खेळाडू बहुधा शस्त्रक्रिया निवडतात, आणि साठीच्या मधुमेही गृहस्थाला डॉक्टर कदाचित वेगळा सल्ला देतील. निर्णय कोणताही झाला तरी त्यानंतरचे महिने चुकत नाहीत.

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात पहिला प्रश्न ओळखण्याचा आहे. टाचेची कंडरा तुटते तेव्हा मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटते, कधी ‘कट्’ असा आवाज येतो. थोड्या वेळात वेदना कमी होते आणि लंगडत चालताही येते, म्हणून पाय मुरगळला असे समजून लोक स्वस्थ बसतात. रुग्णाला पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल खाली हलले नाही तर कंडरा तुटलेली असण्याचा दाट संभव असतो. अशा वेळी आंबेहळदीचा लेप लावून वाट पाहू नये आणि कुणाकडूनही जोराने चोळून घेऊ नये. पहिल्या काही दिवसांतच अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. 1999 मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे, आणि नांदेडही फार दूर नाही.

हळदीचा विषय निघालाच आहे, तर तेवढेही सांगितले पाहिजे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि जिल्ह्याची मान उंचावली. हळदीतील कुर्क्युमिनमध्ये सूज कमी करणारे गुण प्रयोगशाळेत दिसतात. पण ते पोटातून रक्तात फार थोडे उतरते, आणि लेपाने तुटलेले तंतू जुळत नाहीत. स्वयंपाकातली तिची जागा त्यामुळे कमी होत नाही. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरांतही वाळलेली हळद चालते, ती उगाच नाही.

आहारातील खरा पेच जैन कुटुंबांपुढे दुसरीकडेच उभा राहतो. दुखापत झालेल्या मुलाला प्रशिक्षक किंवा औषध दुकानदार कोलॅजनची पावडर सुचवतो. कोलॅजन हे प्राण्यांच्या देहातच असते. बाजारातील पावडर गुरांची कातडी, हाडे किंवा माशांची त्वचा यांपासून काढतात. जिलेटीन म्हणजे त्याचेच दुसरे रूप, आणि अनेक औषधी कॅप्सूलची टोपणेही त्याचीच असतात. वेष्टनावरील तपकिरी खूण पाहावी, घटकांची यादी वाचावी, शंका असल्यास विचारावे. ‘वनस्पतिजन्य कोलॅजन’ म्हणून जे विकतात त्यात बहुधा क जीवनसत्त्व आणि अमिनो आम्ले असतात. वनस्पतीत कोलॅजन नसते. आणि मूळ मुद्दा असा की त्या पावडरीवाचून काही अडत नाही. तिच्या उपयोगाचा पुरावा अजून तोकडा आहे. शरीर स्वतःचे कोलॅजन स्वतः रचते. त्यासाठी त्याला पुरेशी प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते. डाळी, सोयाबीन, शेंगदाणे, दूध, दही, पनीर यांतून पहिले मिळते, आवळा, पेरू, लिंबू यांतून दुसरे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असलेल्या खेळाडूने सायंकाळच्या सरावानंतरचे प्रथिन चुकते हे ध्यानात घेऊन जड व्यायाम सकाळी किंवा दुपारी ठेवावा. पर्युषणात उपवास करायचे असतील तर त्या दिवसांची मात्रा फिजिओथेरपिस्टला आधी सांगून ठरवून घ्यावी.

एक सूचना औषधांच्या बाबतीत. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या वर्गातील प्रतिजैविके पोटाच्या आणि मूत्रमार्गाच्या तक्रारींवर सर्रास घेतली जातात. त्यांनी कंडरा दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका असतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 पासून बंधनकारक केला आहे. साठीनंतर, आणि स्टेरॉइड चालू असल्यास, हा धोका वाढतो. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिली असतील तर ती घ्यावीत. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर आणू नयेत.

खेळायला परत केव्हा जायचे, हे दिनदर्शिका ठरवत नाही. टाचेची कंडरा तुटून बरी झालेल्या खेळाडूला अनुभवी फिजिओथेरपिस्ट एका पायावर उभे करतो आणि टाच उचलायला सांगतो. चांगल्या पायावर जितक्या वेळा ती उचलली जाते, त्याच्या निदान नव्वद टक्के वेळा, आणि तितक्याच उंचीपर्यंत, दुखऱ्या पायावरही उचलली गेली पाहिजे. मग एका पायाच्या उड्या, मग वेगाने धावून एकदम थांबणे. या प्रत्येक कसोटीनंतर पुन्हा तीच दुसऱ्या दिवसाची सकाळ. निवड चाचणी त्याच आठवड्यात असली, प्रशिक्षकाचा फोन आला, मुलगा रडकुंडीला आला, तरी या क्रमात बदल होत नसतो. आणि तो होऊ न देण्याचे काम त्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांचे असते.